एस्तेरबाईंचं अजून झालं नाही

एस्तेरबाई माझ्यावर पहिल्यांदा ओरडल्या तेव्हा मला पनवेलला येऊन तासही झाला नव्हता. नवी नवरी मी, नगरहून एस.टी.चे धक्के खात आलेली. दवाखान्यामागच्या चाळीत आमची खोली. घशाला कोरड पडली होती, म्हणून विहिरीवरच्या बादलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, तोच मागून आवाज आला, "टाक ते! टाक म्हणते ना! उकळल्याशिवाय पाणी पितेस? नगरला कुणी शिकवलं नाही वाटतं?" माझ्या हातातलं पाणी नव्या पातळावर सांडलं. मागे वळून बघते तर पांढऱ्या लुगड्यातली एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई कमरेवर हात ठेवून उभी. पुढे जन्मभर त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. मी आपली कायमची 'नगरवाली'.

स्वातंत्र्य मिळून दोनतीन वर्षं झाली असतील तेव्हा. पनवेल म्हणजे एका अंगाला खाडी आणि बंदर, दुसऱ्या अंगाला मुंबई-पुण्याचा रस्ता, आणि मध्ये बाजारात भाताच्या गिरण्यांचा उडणारा कोंडा. आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं अगदी थोडी. एक लहानसं देऊळ, म्हणजे आमचं उपासनेचं हो, त्याच्या शेजारी मिशनचा दवाखाना, मागे चाळ. माझे यजमान त्या दवाखान्यात कंपाउंडर. एस्तेरबाई तिथल्या नर्स. डॉक्टर आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशी यायचे, त्यामुळे बाकीचे दिवस दवाखाना बाईंच्या आवाजावर चालायचा.

आवाज म्हणजे काय विचारता! मिठागरात राबणाऱ्या बायकांच्या पायांना भेगा पडायच्या, त्यात खारं पाणी जाऊन जखमा व्हायच्या. कामोठ्याची एक आगरीण नेहमी यायची. तिला पाटावर बसवून बाई तिचे पाय कोमट पाण्यात धूत आणि तोंडानं तोफ चालूच. "पट्टी सोडू नकोस म्हणून बजावलं होतं की नाही? पाय तुझा की माझा? परत अशी आलीस तर दारातून हाकलून देईन!" ती बिचारी म्हणे, "पट्टी बांदून मिठात कशी उतरू बाय? पोटाला कोन घालील?" एकदा धाकट्या नर्सनं तिला आपल्याकडे बोलावलं तर ही हलेचना. म्हणाली, "नाय नाय. आमी एस्तेरबायकडंच बसनार. ती वरडते, पन दुकवत नाय." बाईंनी ते ऐकलं आणि त्यावरही ओरडल्या.

आपल्या या जिभेची बाईंना पुरती जाणीव होती. बायकांच्या प्रार्थनासभेत इतर बायका आजारपणं नि परीक्षा असल्या गोष्टी मांडायच्या. बाई डोळे मिटून घरात बोलावं तसं बोलायच्या. "प्रभू, आज पोस्टमनवर ओरडले. त्याची काही चूक नव्हती. उद्या त्याला गूळपाणी देईन. ओरडणं एकदम बंद होईल असं म्हणत नाही, तुला माहीत आहे मी कशी आहे ती. पण जरा कमी करीन." मला हसू आवरायचं नाही. एकदा मी विचारलंच, "बाई, तुम्ही देवाशी भाव करता की काय?"

"भाव नाही गं. थाप मारत नाही, इतकंच. रडून, छाती पिटून मोठंमोठं कबूल करायचं आणि दारातून बाहेर पडताच विसरायचं, हे मला नाही जमत. मी मुंगीच्या पावलानं जाते. पण जाते तेवढी खरी जाते."

हे त्या सहज बोलून गेल्या. पण एका बाबतीत ही मुंगी वर्षानुवर्षं एकाच जागी उभी होती, आणि ते सगळ्या मंडळीला ठाऊक होतं.

रविवारी उपासनेत आम्ही सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायचो. बाईंचा आवाज सगळ्यांत मोठा. पण त्यात एक ओळ येते, आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची. त्या ओळीपाशी बाईंचा आवाज बंद. बाकीची मंडळी म्हणून घ्यायची, आणि पुढच्या ओळीला बाई पुन्हा सुरू. मोठी घंटा वाजता वाजता मध्येच थांबावी तसं वाटायचं. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, तेव्हा प्याला हातोहात फिरायचा. आधी पुरुषांच्या बाजूनं, मग मधली वाट ओलांडून बायकांच्या बाजूला. बाईंच्या हाती आला की त्या दोन्ही हातांनी अदबीनं धरायच्या, मान लववायच्या, आणि न पिता शेजारणीला द्यायच्या. गंमत म्हणजे प्याल्यातला रस बाईच करत. आमच्याकडे दारू नाही, काळ्या मनुकांचा रस. शनिवारी बाजारातून मनुका आणून, धुऊन, भिजवून, उकळून, पांढऱ्या फडक्यातून गाळायचा, हे काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत, आणि स्वतः मात्र त्याचा थेंबही चाखत नसत.

मला वाटलं, मंडळीनं यांना कसली शिक्षा केली असेल. घरी आल्यावर यजमानांना विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

बाईंना एकुलता एक मुलगा होता, विनय. चारेक वर्षांचा. लढाई चालू होती त्या दिवसांतली गोष्ट. पोराला घटसर्प झाला. बाई नर्स, त्यांना घसा बघताच कळलं. डॉक्टर नेमके शिरढोणला एका आजाऱ्याकडे गेलेले. बाईंचे यजमान गावाला. म्हणून धाकटे दीर, दानिएल, सायकल घेऊन निघाले. दानिएलभावजी हौशी माणूस. दिवसा गिरणीत कारकुनी, रविवारी देवळाची घंटा, आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट. वाटेत पळस्प्याला लग्न होतं, तिथं यांच्याच बँडची मंडळी. "एक गाणं वाजवून जा रे," म्हणून त्यांनी अडवलं. पोराचा घसा दुखतोय एवढंच यांच्या डोक्यात. एक गाणं वाजवलं. मग आणखी एक. डॉक्टर येईपर्यंत इकडे सगळं आटपलं होतं. लवकर आले असते तर वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते 'सांगता येत नाही' फार वाईट हो. त्याला धरून ना रडता येतं ना सोडता येतं.

पुढे बाईंचे यजमानही गेले. उरले दोघं, वहिनी आणि दीर, आणि चाळीत दोघांच्या खोल्या एकमेकींना लागून. बाई त्यांच्याशी बोलत नसत. त्यांच्याविषयी बोलायची वेळ आली तर म्हणत, 'पलीकडचे'. "पलीकडच्यांचं धोतर वाऱ्यानं इकडे आलंय, देऊन ये." साऱ्या पनवेलवर ओरडणारी बाई, पण त्या माणसावर कधी आवाज चढला नाही.

आता कुणी म्हणेल, सूड उगवत होत्या. मीही आधी तसंच म्हणत होते, खोटं कशाला बोलू. पण एकदा मनुका निवडायला मी बसले होते, तेव्हा बाई आपणहून म्हणाल्या, "लोकांना वाटतं मला क्षमा करायची नाही. मला करायची आहे गं. रोज सकाळी उठून करून बघते. होत नाही. ओठ म्हणतात, आत काही हलत नाही. मग प्रभूच्या मेजापाशी कशी जाऊ? त्याच्यासमोर तरी नाटक नको."

"पण बाई, दुसरे लोक जातातच ना, मनात काय काय ठेवून?"

"त्यांचं ते बघतील. माझं अजून झालं नाही."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. देवळाचे पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, बदलून जायचे, नवे यायचे, प्रत्येक जण एकदा बाईंना समजावून बघायचा, आणि प्रत्येकाला हेच ऐकायला मिळायचं.

पण होत होतं काहीतरी. मला दिसत होतं, कारण निरोप्या मीच होते. माझ्या पहिल्या नाताळात बाईंनी करंज्यांची ताटली माझ्या हातात दिली. "पलीकडे नेऊन दे. मी दिल्या म्हणून सांगू नकोस." आता त्या करंज्यांची मुरड बघून आंधळ्यानंही ओळखलं असतं कुणाच्या ते. भावजींनी ताटली दोन्ही हातांनी घेतली आणि बराच वेळ तशीच धरून बसले. पुढच्या नाताळात बाई म्हणाल्या, "विचारलं तर सांग." त्याच्या पुढच्या खेपेला, "सांग, एस्तेरनं दिल्यात म्हणून." एवढ्याशा वाटेला या बाईला इतका काळ लागला. मी यजमानांना म्हणायची, "अहो, या वेगानं म्हातारपणी तरी पोचतील का?" ते म्हणायचे, "तू कशाला ढकलतेस? चालल्यात ना?"

मी नाही ढकललं. ढकललं ते नव्या पाळकांनी. तरुण, भल्या मनाचे, आणि भारी उत्साही. आल्यापासून त्यांना ही एक सल. ईस्टरच्या उपासनेत प्रवचन झाल्यावर त्यांनी एकदम दोघांना नावानं पुढे बोलावलं. "आज प्रभूची कबर उघडली आहे. आज या दोघांनी सगळ्या मंडळीसमोर एकमेकांचा हात धरावा." भावजी रडतच पुढे आले, हात पुढे केला. बाई उठल्या, गेल्या, हात धरला. लोकांनी हालेलूया म्हटलं, गाणं सुरू झालं, पाळकांचे डोळे भरले. मग प्याला फिरला. बायकांच्या बाजूला आला, बाईंच्या हातात आला. बाईंनी मान लववली आणि शेजारणीला दिला. गाणारे गाता गाता थांबले.

उपासना सुटल्यावर पाळक तडक त्यांच्याकडे आले. "बाई, अहो, आत्ता हात दिलात ना तुम्ही?"

"दिला. तुम्ही चारचौघांत मागितलात, मी दिला. सणाच्या दिवशी तुमचा पाणउतारा कसा करू? हात देता येतो, साहेब. दुसरं जे तुम्हाला हवं होतं ते माझ्यापाशी अजून तयार नाही."

"पण किती दिवस, बाई? प्रभू वाट बघतोय."

"बघू दे की. त्याला सवय आहे. घाई तुम्हालाच आहे."

त्या दिवशी बाई घरी येऊन दार लावून बसल्या. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "जरा कुठे सरकत होतं गं. आता पुन्हा सगळं दगड झालंय." त्या वर्षी नाताळात करंज्यांची ताटली पलीकडे गेली नाही. भावजींनी मला विचारलं नाही, पण चारदा तरी आमच्या दारावरून गेले. मला इतका राग आला त्या पाळकांचा! पण त्यांचंही मोठेपण सांगायला हवं. पुढे एकदा स्वतः दवाखान्यात येऊन ते बाईंना म्हणाले, "माझं चुकलं. मला फळ हवं होतं, झाडाचा विचारच केला नाही." बाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि वाळत चाललात, नीट जेवत नाही, म्हणून असं काही झापलं की बिचारे हसत हसत गेले.

मग मार्थाचं लग्न आलं. मार्था माझी नणंद. बँड पेणहून यायचा होता, आणि त्यांची लॉरी वाटेत कुठेशी बंद पडली. लग्न लागलं, जेवणं झाली, मुलगी निघायची वेळ झाली, वाद्याचा पत्ता नाही. कुणी तरी म्हातारा म्हणाला, "अरे, आपला दानिएल वाजवायचा की!" झालं, सगळे त्यांच्या मागे लागले. एरवी थट्टामस्करी करणारा तो माणूस, त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "मी वाजवत नाही. सोडलंय ते. कृपा करा, आग्रह करू नका." सोडलंय म्हणजे कधीपासून, ते सगळ्यांना आत्ता कळलं.

आणि मंडपाच्या दारातून आवाज आला, "वाजवा."

एस्तेरबाई. हातात अक्षतांचं रिकामं ताट तसंच.

"मुलगी काय अशी मुकाट्यानं निघायची? वाजवा म्हणते ना."

इतक्या वर्षांत त्या माणसाशी बोललेला हा पहिला शब्द. भावजी घरात गेले, ट्रंकेतून क्लॅरिनेट काढून आणली. काय वाजणार हो? तोंडाकडची फुंकायची पत्ती वाळून गेलेली. किंचाळली, मग घोगरी झाली, अर्धं गाणं कसंबसं झालं, आणि ते वाद्य खाली ठेवून विहिरीमागे जाऊन उभे राहिले. मार्थाला रडू फुटलं ते सासरी जाण्याचं की याचं, देव जाणे. बाईंनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. "नेऊन दे त्यांना."

त्या दिवशी सगळी पांगापांग झाल्यावर त्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला वाटायचं, माझ्या धाकानं वाजवत नाहीत. मला बरं वाटायचं ते. आणि हे तर... मी समजत होते त्या दिवसापाशी मी एकटीच थांबलेय." असं म्हणून त्या रडल्या. मी त्यांना रडताना तेव्हाच बघितलं.

तुम्हाला वाटेल, झालं, पुढच्या पहिल्या रविवारी प्याला. छे! एस्तेरबाई त्या! पहिला रविवार आला, गेला. मीच विचारलं, "बाई?" तर म्हणाल्या, "ते दया येणं झालं. क्षमा वेगळी. माझं अजून झालं नाही." मी कपाळाला हात लावला. प्रार्थनेतल्या त्या ओळीपाशी आवाज थांबायचा तो थांबतच राहिला. मात्र आता भावजी अंगणात दिसले की आमच्या ख्रिस्ती रीतीनं "सलाम" म्हणायच्या. तेही "सलाम" म्हणायचे. बस, तेवढंच.

दिवस गेले. भावजी थकले, त्यांच्या हाताला कंप आला. घंटेचा दोर ओढायला दम लागायला लागला. माझ्या मुली शाळेत जाऊ लागल्या. दवाखाना उघडण्याआधी आम्ही पाचसहा जण रोज सकाळी प्रभूची प्रार्थना म्हणायचो. एक दिवस अशीच झाली, आमेन झालं, दारं उघडली. मी मदतीला होते. बाई पट्ट्यांच्या घड्या घालत होत्या. एकाएकी त्यांचे हात थांबले.

"नगरवाली, मघाशी मी थांबले होते का गं?"

"कुठे?"

"त्या ओळीला."

मी आठवून बघितलं. "नाही बाई."

"नीट आठव. उगाच मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"नाही थांबलात. सरळ पुढे गेलात."

त्या मटकन स्टुलावर बसल्या. "मला कळलंसुद्धा नाही," म्हणाल्या. "एवढी वर्षं मी दाराशी डोळे लावून बसले, आणि मागच्या बाजूनं कधी आत आलं ते कळलंसुद्धा नाही." बाहेर रोगी खोळंबले होते, कुणीतरी खोकत होतं. त्या दिवशी एस्तेरबाई कुणालाही ओरडल्या नाहीत, आणि लोक घाबरून माझ्या यजमानांना विचारायला लागले, बाईंची तब्येत बरी आहे ना.

तरीही त्यांनी आणखी दोनतीन महिने जाऊ दिले. म्हणे, "टिकतंय का बघू." मला आता सवय झाली होती.

मग एका पहिल्या रविवारी बाई नेहमीची जागा सोडून मधल्या वाटेला लागून बसल्या. पुरुषांकडे वाटेच्या कडेला शेवटी भावजी बसायचे, घंटेच्या दोराजवळ. म्हणजे प्याला त्यांच्या हातून बाईंच्या हातात यायचा. ते आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. प्रार्थनेत बाईंचा आवाज कुठेच थांबला नाही. प्याला फिरत भावजींपाशी आला. ते प्यायले आणि वळले, तर समोर वहिनी. त्यांचे हात इतके कापायला लागले की रस काठाशी आला. त्यांना काय करावं कळेना, प्याला पुढे करावा की मागे घ्यावा. बाईंनी त्यांचे दोन्ही हात प्याल्यासकट आपल्या हातांत धरले.

"द्या, भावजी," म्हणाल्या.

आणि प्यायल्या. पिताना त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. पाळकांना वाटलं, हुंदका. मलाही तेच वाटलं, मी पदर तोंडाला लावला. सगळी मंडळी डोळे पुसत होती. शेवटचं गाणं कुणालाच धड म्हणता आलं नाही.

बाहेर आलो. भावजी घंटेच्या खांबाशी खाली मान घालून उभे होते. बाई तरातरा त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही सगळे चार पावलं मागे सरलो.

"भावजी, केवढा कडू झालाय तो रस! मनुकांच्या बिया उकळतात त्यात, त्याचा कडवटपणा. इतकी वर्षं हे असलं पीत आलात तुम्ही, आणि एका शब्दानं सांगता आलं नाही?"

भावजींनी मान वर केली. डोळ्यांतून पाण्याची धार लागलेली.

"सांगणार कसं, वहिनी? तुम्ही बोलत कुठं होतात माझ्याशी?"

आणि मग बाईंनी जो तोंडाचा पट्टा सोडला! सदऱ्याला बटण नाही, दाढी केलेली नाही, हात कापतात तर अजून औषध का घेतलं नाही, घंटेचा दोर ओढायला कुणाला तरी हाताशी घ्यायचं कळत नाही का, खोलीचं छप्पर कधी शाकारणार. भावजी "हो वहिनी, हो वहिनी" म्हणत मागे मागे चाललेले, आणि बाई बोलत बोलत पुढे. चाळीपर्यंत तसेच गेले दोघं. मी घरी जाऊन भात टाकला, आमटीला फोडणी दिली, मुलींना जेवायला वाढलं, तरी पलीकडून बाईंचा ओरडा ऐकू येतच होता.